पाणी कुठून पडतं ते बघत मुंबई

नोकरीत असताना मुंबईला पुष्कळदा आलो, पण ते मंत्रालयात. सार्वजनिक बांधकाम खात्यातला शाखा अभियंता मुंबईत येतो तो फाइल पुढे सरकावी म्हणून. काम झालं की एसटी स्टँड. निवृत्तीनंतर बहिणीकडे मुक्कामाला आलो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, आता तरी नीट बघ." ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने लगेच एक लांबलचक यादी पाठवली: इमारतीचं नाव, शैली, वर्ष, वास्तुरचनाकार.

यादी घेऊन फिरणं मला जमत नाही. यादी असली की माणूस इमारत बघत नाही, खूण करतो आणि पुढे जातो. मी तिला म्हटलं, आपण एकच प्रश्न घेऊन फिरू. या शहरात चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. दीडशे वर्षं ज्या भिंती उभ्या आहेत त्यांच्यावरून पाणी कसं उतरवलंय, एवढंच बघू. ती हसली. "लोक गॉथिक शैलीच्या टोकदार कमानी बघायला जातात, तू पन्हळी बघायला निघालास." मग स्वतःच म्हणाली, "चल, पण छत्री घे."

रविवारी सकाळी फोर्ट रिकामा असतो. फेरीवाले नसतात, टॅक्स्या तुरळक असतात आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून मान वर करता येते. इतर दिवशी हे केलं तर धक्के खावे लागतात. आम्ही हॉर्निमन सर्कलपासून सुरुवात केली, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून. हा जुना टाउन हॉल. 1833 मध्ये पुरा झाला आणि आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याचा. समोर ग्रीक पद्धतीचे जाडजूड खांब आणि 30 पायऱ्या. चोहीकडच्या रहदारीपेक्षा एक अख्खा मजला वर उचललेली इमारत. मला आवडली ती ही उंची. तळमजल्याला ओल धरणार हे ज्याला ठाऊक आहे तो मुख्य दालनं वर नेतो. भाचीच्या मते पायऱ्या रुबाबासाठी आहेत. रुबाबही असेल. दोन्ही गोष्टी एकाच खर्चात झाल्या तर कुठला अभियंता नाही म्हणेल?

पायऱ्यांवरून समोरचं वर्तुळ दिसतं. मधे बाग आणि भोवती एकाच उंचीच्या, कमानींच्या इमारती. 1872 साली हे पुरं झालं तेव्हा नाव होतं एल्फिन्स्टन सर्कल. कडेच्या सगळ्या इमारतींना तळाशी सलग कमानदार पडवी आहे. पाऊस असो वा ऊन, अर्धं वर्तुळ कोरड्या अंगाने चालता येतं. आताच्या नव्या इमारतींसमोर काचेचे दरवाजे असतात, पण पादचाऱ्यासाठी हातभर छप्पर नसतं. भाचीला हे पुन्हा पुन्हा ऐकवलं. तिचे प्राध्यापक यावर काय म्हणतात ते तिने सांगितलं नाही.

तिथून पश्चिमेकडे सेंट थॉमस कॅथेड्रल. 1718 सालचं. जुन्या मुंबईतले मैलाचे दगड या चर्चपासून अंतर मोजत. रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला शून्य मैल कुठे आहे हे बघितल्याशिवाय पुढे कसं जाववेल? चर्चच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबलो. इथून सरळ जाणारा रस्ता कोटाच्या दरवाज्याकडे जायचा. चर्चकडे जाणारा म्हणून तो दरवाजा चर्चगेट. कोटाचे दरवाजे तीन: अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. आता दरवाजा एकही उरलेला नाही. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी 1860 च्या दशकात तटबंदी पाडून घेतली. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात राहिलाय. चर्च गेट जिथे होतं तिथे आज फ्लोरा फाउंटन आहे.

हे कारंजं 1864 चं. आराखडा नॉर्मन शॉ यांचा आणि शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचं. दगड थेट इंग्लंडहून आणलेला, पोर्टलंडचा. कुर्ला आणि मालाडला खाणी असताना बोटीतून दगड आणायचा, याला हौस म्हणतात. पुढे कधीतरी त्यावर ऑइलपेंटचे थर चढवले गेले. सच्छिद्र दगडाला रंग फासणं म्हणजे आतली ओल आतच कोंडणं. अलीकडे सगळा रंग खरवडून, नळांची जोडणी नव्याने करून 2019 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. आम्ही गेलो तेव्हा पाणी चालू होतं. शेजारीच हुतात्मा स्मारक. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार. तिथे मात्र मी पन्हळी-बिन्हळी काही बोललो नाही. आमच्या घरी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठी खाल्लेला माणूस होता.

आता मला ज्याची उत्सुकता होती तो भाग. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला इमारतींची एक रांग आहे: आमच्या खात्याची जुनी इमारत, उच्च न्यायालय, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, दीक्षान्त सभागृह, मग जुनं सचिवालय. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. कारण समोर तेव्हा समुद्र होता. मैदान, त्यापलीकडे रेल्वेची लाइन आणि लगेच पाणी. आज मैदानापलीकडे ज्या इमारती दिसतात ती जमीनच तेव्हा नव्हती.

पश्चिमेला तोंड केलं की वारा मिळतो, पण दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येचा सगळा पाऊस छातीवर घ्यावा लागतो. म्हणून पुढे खोल व्हरांडे. सचिवालयाकडे बघा: कमानींच्या रांगांवर रांगा, आणि खरी भिंत आत, सावलीत. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी 1874 मध्ये पुरं केलेलं हे काम. त्याला व्हेनिसच्या धर्तीचं गॉथिक म्हणतात. व्हेनिसचं मला ठाऊक नाही. मला दिसला तो पावसाचा मारा व्हरांड्यातच जिरवून आतली भिंत कोरडी ठेवणारा दुहेरी पडदा. आमच्या खात्याची इमारतही विल्किन्स यांचीच. समोर उभा राहिलो आणि उगाचच शर्ट नीट केला.

उच्च न्यायालय कर्नल फुलर यांचं, 1878 मध्ये पुरं झालं. काळा-निळा बेसाल्ट म्हणजे आपला ओळखीचा काळा पाषाण. घडायला महाकठीण, पण पाणी पीत नाही. भिंत या दगडाची आणि जिथे पान-फूल-जनावर कोरायचंय तिथे मऊ, फिकट दगड, अशी वाटणी त्या काळच्या बऱ्याच इमारतींत दिसते. विद्यापीठासाठी कुर्ल्याचा पिवळसर दगड, कोरीवकामाला पोरबंदरचा. पोरबंदरचा दगड चुनखडीचा. छिन्नीखाली लोण्यासारखा चालतो आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तसाच झिजतोही. दुर्बिणीतून बघितलं तर काही पानांच्या कडा बोथट झालेल्या आणि शेजारचा बेसाल्ट काल बसवल्यासारखा. दुर्बीण मात्र हवीच. ही इमारतींची रांग जमिनीवरून अर्धीच दिसते.

न्यायालयाच्या आतल्या कोरीवकामात हातात तराजू आणि डोळ्यावर पट्टी असलेलं माकड आहे, आणि वकील झालेला कोल्हाही. कंत्राटदाराचं कामावरून वाजलं आणि त्याने असा सूड घेतला, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे, पण बिलं अडकलेल्या कंत्राटदारांच्या नजरा मी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे मला ते पटतं. आत जायचं तर ओळखपत्र हवं आणि कॅमेरा बाहेर ठेवायला हवा.

राजाबाई टॉवर 280 फूट उंच. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. लंडनहून नकाशे पाठवले. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. मनोऱ्याला त्यांनी आईचं नाव दिलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि शहरात पैशाचा पूर आला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. प्रेमचंद स्वतःही बुडाले. तरी मनोऱ्याची पायाभरणी 1869 मध्ये झाली आणि 1878 मध्ये तो उभा राहिला. कोसळलेल्या बाजारातून काम तडीला नेणं म्हणजे काय हे ज्याने मार्चअखेरीस निधीसाठी वणवण केलीय त्यालाच कळेल.

स्कॉट आले नाहीत, तर जागेवर उभं कोण होतं? रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाचे सहायक अभियंता. भाचीच्या यादीत स्कॉट होते, मुकुंद रामचंद्र नव्हते. मी तिला पेनने लिहायला लावलं. नकाशात सगळं असतं, पण पहिल्या पावसात कुठल्या कोपऱ्यात गळतंय आणि तिथे काय करायचं हे नकाशात नसतं. मनोऱ्यावर गुजराथी, मराठा असे पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे पुतळे बसवलेत. इंग्लंडमधल्या मनोऱ्यावर संत बसतात, त्या जागी आपल्या पगड्या-पागोटी आली. हीसुद्धा जागेवरचीच अक्कल असणार, असा माझा कयास.

ओव्हलवर एव्हाना क्रिकेट सुरू झालं होतं. एकात एक घुसलेले इतके सामने की कुणाचा चेंडू कुणी अडवतोय कळेना. मैदानाच्या मधून जाणारी पायवाट आहे. तिच्यावर मध्यावर उभं राहायचं आणि डावी-उजवीकडे बघायचं. पूर्वेला दगड, पश्चिमेला सिमेंट. मधे साठेक वर्षांचं अंतर. युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या दोन्ही बाजूंची मिळून, 94 इमारतींची.

पश्चिमेच्या इमारती 1930 च्या दशकातल्या, आर्ट डेको शैलीच्या. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर, आरसीसीच्या. सगळ्यांची उंची सारखी, कोपरे गोलाई दिलेले, बाल्कनीचे कठडे बोटीच्या डेकवर असतात तसे, वर नावं ठसठशीत अक्षरांत. भाचीचा जीव या रांगेवर. तिने मला जिन्याच्या खिडक्यांवरच्या सूर्यकिरणांच्या जाळ्या दाखवल्या, दारावरची गोठलेल्या कारंज्याची नक्षी दाखवली. मी बघत होतो छज्जे. खिडकीवरून निघून कोपऱ्याला वळसा घालत सलग जाणारा पातळ छज्जा. वास्तुविशारद त्याला भुवई म्हणतात. त्याच्या पोटाला कडेजवळ बारीक खाच ठेवलेली असली की पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीकडे परत येत नाही. दगडी बाजूने दहा फुटांचा व्हरांडा घालून जे साधलं ते इथे दोन फुटांच्या स्लॅबमध्ये. खर्च कमी, जागा कमी आणि दिसायला सुटसुटीत. मला मानावं लागलं.

पण टिकण्याचं विचाराल तर माझं मत पूर्वेच्या बाजूने. बऱ्याच छज्जांच्या पोटातून गंजलेल्या सळया डोकावतायत. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरली की लोखंड फुगतं आणि वरचं आवरण फुटतं. मग त्यावर प्लास्टर, त्यावर रंग, दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, उकरून पुन्हा भरल्या की काम झालं. भाची म्हणाली, "मामा, पण दगडी घर परवडलं असतं का त्या लोकांना?" नसतं परवडलं, हेही खरं. या इमारती सरकारने बांधल्या नाहीत, भाड्याने राहणाऱ्या मध्यमवर्गासाठी त्या उभ्या राहिल्या. लिफ्ट आणि घरातच संडास-बाथरूम ही त्यांची मोठी चैन होती.

चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे, 1725 ची. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीला पाणी गोडं. आत फक्त पारशांना प्रवेश, त्यामुळे बाहेरच्या फलकाजवळ उभं राहून नमस्कार केला. तीनशे वर्षांत भोवतालचा किनारा हलला, कोट गेला, मेट्रोचं खोदकाम झालं, पण विहीर जागच्या जागी. तिथून इराण्याकडे ब्रूनमस्का आणि चहा. तेवढ्यात ढग भरून आले.

खरा पाऊस मिळाला तो पुढच्या खेपेला, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर. बहुतेक लोक रात्रीची रंगीत रोषणाई बघायला येतात. मला ती खटकते. गुलाबी-जांभळ्या दिव्यांत दगडाचा रंग मरतो आणि सावल्या उलट्या पडतात. आम्ही भर दुपारी, भर पावसात महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहिलो. दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या. स्टेशन 1887-88 चं, महापालिका 1893 ची. भाचीने इथे एक छान गोष्ट सांगितली: कुलाब्याचं रीगल सिनेमागृह, 1933 चं, मुंबईतल्या पहिल्या डेको थिएटरांपैकी एक, ते या स्टीव्हन्स यांच्या मुलाचं, चार्ल्सचं. बापाने दगडात गॉथिक केलं आणि मुलाने सिमेंटमध्ये डेको.

पावसात टर्मिनस वेगळंच दिसतं. कोरडा असताना मळकट वाटणारा पिवळसर दगड भिजला की मधाच्या रंगाला येतो. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर भिंतीतून बाहेर आलेला दगडी पट्टा आहे. एरवी ती नुसती नक्षी वाटते, पण पाणी त्या पट्ट्यावर आपटून भिंतीपासून दूर उडत होतं. वरच्या कोपऱ्यांतून जनावरांची तोंडं बाहेर झेपावलेली. कोणतं तोंड खरोखर पाणी ओकतंय आणि कुठलं नुसतंच शोभेचं, यावर आमची पैज लागली. काहींच्या शेजारून सरळ पाइप उतरवलेले होते, त्यामुळे निकाल लागेना. शेजारी छत्रीत उभा असलेला एक पोलीस थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला, मग त्यानेही मान वर केली.

ही जनावरं, पानं आणि मोर-खारी कोरण्यात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. दरवाज्याच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ: ब्रिटन आणि हिंदुस्थान. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरलेत, त्यांत आपले नाना शंकरशेटही आहेत. त्यांना शोधायला वेळ लागतो, पण शोधावं. घुमटावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती. आणि स्टीव्हन्स यांचे सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. पुढे ताजमहाल हॉटेलच्या आराखड्याचं कामही सुरुवातीला वैद्यांकडेच होतं. भाचीच्या यादीत पेनने लिहिलेलं दुसरं नाव.

आत उपनगरी तिकिटांच्या हॉलमध्ये जायला कुणाची परवानगी लागत नाही. छतावर तारे रंगवलेत, खाली रांगेत लोक सुट्टे पैसे मोजतायत. मधल्या घुमटाखालचा दगडी जिना बघायचा तर कामाच्या दिवशी दुपारची हेरिटेज फेरी घ्यावी लागते. तो जरूर बघा. पायरीचं एक टोक भिंतीत आणि दुसरं अधांतरी. असा जिना दगडात करायचा म्हणजे गवंड्याच्या हातावर केवढा भरवसा हवा!

यादीतलं पुढचं म्हणजे म्युझियम (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि गेटवे. दोन्ही जॉर्ज विटेट यांची. गेटवेला गर्दी एवढी की कमान दिसण्याऐवजी माणसंच दिसली. 1924 ची कमान, आणि तोवर साहेबाला विजापूर नि गुजराथकडची घडण आवडू लागली होती, एवढं टिपून आम्ही निघालो.

शेवटी गिरगाव. खोताची वाडी. इथे वास्तुरचनाकाराचं नाव विचारायचं नसतं. खोतांच्या जमिनीवर वसलेली वस्ती, पुढे बहुतेक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची, कुटुंबं आली. लाकडी खांब, पुढे ओसरी, बाहेरून चढणारा जिना, उतरती कौलं. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या दोन घरांच्या पागोळ्या जवळजवळ एकाच ओळीत पडतात. कोटातल्या कर्नलांनी ज्यावर लाखो खर्चले तेच इथे उतार, कौल आणि ओसरीने भागवलंय. मात्र ही राहती घरं आहेत. खिडकीत मोबाइल घालून फोटो काढणाऱ्यांना लोक कंटाळलेत आणि तसं लिहूनही ठेवलंय. आम्ही कॅमेरा पिशवीतच ठेवला.

एका ओसरीवर आजोबा बसले होते. मी त्यांच्या छपराकडे जरा जास्तच वेळ बघत असणार. त्यांनी विचारलं, "बिल्डरकडून आलात काय?"

"नाही हो, निवृत्त माणूस. पन्हळ बघत होतो."

"ती गळते," ते म्हणाले. "बघा खुशाल."

जुनी कौलं आणि वर टाकलेला निळा प्लास्टिकचा कागद जिथे मिळतात तिथून पाणी आत जात होतं आणि वाशाचं टोक काळं पडलेलं. मी म्हटलं, कागद काढा, खालच्या दोन ओळी कौलं उतरवा, वाशाचं टोक कापून नवं जोडा, पन्हळ बोटभर खाली घ्या. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते सगळं मला ठाऊक आहे. जोडणारा सुतार कुठाय ते सांगा."

भाचीने वही काढली आणि त्यांना वाशाची जाडी विचारली.